शब्द सापडतो, पण अख्खा नाही

‘कर भरा, मग काम करा, कर वेळेत भरा.’ या वाक्यात ‘कर’ हा शब्द कुठे कुठे आला आहे? साधा शोध घेतला तर ०, १५ आणि २० ही स्थानं मिळतात (मोजणी शून्यापासून; काना, स्पेस, स्वल्पविराम हेही प्रत्येकी एक चिन्ह). त्यातलं १५ चुकीचं, कारण तो ‘करा’चा तुकडा आहे.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्पेस जोडून शोधणं. तो टिकत नाही. मजकुराच्या सुरुवातीला स्पेस नसते, शेवटी नसते, स्वल्पविरामापूर्वीही नसते. शिवाय ‘कर कर’ असा मजकूर आला तर मधली एकच स्पेस पहिल्या जुळणीत खर्ची पडते आणि दुसरा ‘कर’ निसटतो.

म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या सांकेतिक भाषेत, शब्दसीमेची खूण असते: बॅकस्लॅश आणि बी (\b). ती अक्षर खात नाही, फक्त एका बाजूला शब्दातलं चिन्ह आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, एवढं तपासते. इंग्रजीत काम झकास होतं. देवनागरीत मात्र पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नेहमीचं ‘आरई’ (re) हे शोधाचं मॉड्यूल फसतं. त्याच्या लेखी ‘र’ हे अक्षर आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही शब्दातली चिन्हंच नाहीत. त्यामुळे ‘करा’मधल्या ‘र’ आणि काना यांच्यामध्ये त्याला सीमा दिसते आणि १५ पुन्हा यादीत येतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेची तऱ्हा उलटी: तिथली ही खूण फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखते, म्हणून निकाल शून्य.

मग सीमा आपणच आखायची. शब्दाच्या आधी ‘लुकबिहाइंड’ (मागचं चिन्ह तपासणारी अट) आणि नंतर ‘लुकअहेड’ (पुढचं चिन्ह तपासणारी अट), दोन्ही नकारार्थी, म्हणजे तिथे ठरावीक चिन्हं नसावीत अशा. त्यांत युनिकोडची, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची पट्टी, शिवाय इंग्रजी अक्षरं व अंक. ०९६४ आणि ०९६५ हे दंड मात्र पट्टीतून वगळा, नाहीतर ‘कर।’ सापडणार नाही. पायथनमध्ये स्वतंत्रपणे मिळणारं ‘रेजेक्स’ (regex) मॉड्यूल मात्रांना शब्दातच धरतं, तेव्हा ते वापरणं अधिक सोपं. ‘करांचा’मधला ‘कर’ मात्र या दोन्ही उपायांनी सापडणार नाही. तो प्रश्न व्याकरणाचा.

स्थानं हवी असतील तर पायथनचं ‘फाइंडऑल’ हे फंक्शन नको, ते नुसते शब्द देतं. ‘फाइंडइटर’ प्रत्येक जुळणीची सुरुवात आणि शेवट देतं. शेवटचं स्थान जुळणीत मोजलेलं नसतं: ० ते २. हेच स्थान यूटीएफ-८च्या (युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीच्या) बाइटमध्ये मोजलं तर २०चं ४६ होतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आणि सापडलेल्या स्थानांवर दुसरा, कमी-जास्त लांबीचा शब्द घालायचा असेल, तर बदल शेवटाकडून सुरुवातीकडे करत या. पुढून केलेत तर पहिल्याच बदलानंतर उरलेली स्थानं सरकतात.