खणांचा हिशेब: जुन्या लाकडावरच्या कोठ्यांची पार्श्वभूमी

लातूर-धाराशिव जिल्ह्यांतल्या औसा-उमरगा पट्ट्यात शेताशेतांत नवे कोठे, म्हणजे गुरं-कडबा ठेवायचे आडोसे, उभे राहतात. त्यातल्या कितीतरी कोठ्यांचं लाकूड मात्र नवं नसतं. खांबांवर चुलीच्या धुराचा काळा थर असतो, तुळईला कशाच्याच उपयोगाच्या नसलेल्या रिकाम्या खाचा असतात. हे लाकूड एकेकाळी माळवदाखाली, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छताखाली होतं.

ऐपतदाराच्या वाड्याला साग, बाकीच्यांना बाभूळ नाहीतर लिंब (कडुलिंब), ही निजामाच्या काळापासूनची रीत. छताचा भार खांब-तुळयांवर आणि भिंत नुसती आडोशाला, ही बांधणीही तेव्हाचीच. कोठ्याची कथा मात्र सुरू होते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपानं.

गणपतीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. भूकंपानंतर ‘माळवदानं माणसं मारली’ हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं, की तेच खरं ठरलं. त्यात तथ्य होतं. गळती थांबवायला वर्षानुवर्षं पांढरीचे, म्हणजे पांढऱ्या मातीचे थर चढवलेले, छतावर दीड-दोन फूट माती. पण आधी कोसळल्या त्या भिंती: दोन्ही अंगांनी दगड, मध्ये चिखल-कपऱ्या आणि दोन्ही बाजू सांधणारा आरपार दगड कुठेच नाही. बऱ्याच ठिकाणी भिंत ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता. दोष मात्र लाकूड, दगड, माती या सगळ्यांना सरसकट लागला.

पुनर्वसनात खरी गुंतागुंत झाली ती ‘खण’ या शब्दाची. गावात घर सांगायचं ते खणांवर: पाच खणी, अकरा खणी. पण खण म्हणजे नेमकं किती? कुणी दोन तुळयांमधलं अंतर धरतो, कुणी चार खांबांमधली जागा. त्यातही खण केवढा, हे मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर. त्यामुळे एका गावाचा खण दुसऱ्या गावाला लागू नाही. सरकारी कागदाला हे माप चालणं शक्यच नव्हतं. पूर्ण उठवलेल्या गावांत घर ठरलं ते जमिनीवर: एक हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, सातपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. निकष सुटसुटीत होता, आणि मला वाटतं तिथेच फसला. अकरा खणांत माणसांइतकाच बैलांचा, कडब्याचा, धान्याच्या बळदाचा वाटा होता. चौरस फुटांत तो कुणी मोजलाच नाही. ज्यांचं घर मोठं पण जमीन थोडी, त्यांची तर पंचाईतच झाली.

म्हणून माणसं ढिगाऱ्याकडे परत फिरली. दगड सोडून लाकूड उचललं आणि शेतात नाहीतर नव्या घरामागे कोठा उभा केला. जिथे गावं जागेवरच ठेवून घरं मजबूत करायची होती, तिथे छतावरची माती कमी करणं, भिंतीत आरपार दगड बसवणं, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू ठोकणं असे उपाय सांगितले गेले. त्यातला तिरका टेकू सुतारांनी उचलला. आता तो कोठ्यांतही दिसतो.

गेल्या काही वर्षांत या लाकडाला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. वाडे उतरवून कोरीव खांब आणि दारं हॉटेलांच्या सजावटीला जातात. सागाचे तुकडे घनफुटावर विकले जातात आणि शेतकऱ्याच्या वाट्याला उरतो लिंब-बाभळीचा माल. खांबाचा बुडखा शेणा-मुताच्या ओलीनं कुजलेला असेल तर तेवढा कापायचा आणि उथळा, म्हणजे खांबाखालचा दगड, त्या मानानं उंच घ्यायचा. कुसू, म्हणजे सांध्यासाठी लाकडाला काढलेलं टोक, जुन्या खाचेत घट्ट बसलं नाही तर पाचर मारायची.

छत मात्र मातीचं राहिलेलं नाही, पत्र्याचं झालंय. पूर्वी वरची माती सगळे सांधे दाबून ठेवायची. पत्र्याला तेवढं वजन नाही आणि वळवाच्या वाऱ्यात तो उचलला जातो. म्हणून आता सुतार नुसत्या कुसवावर विसंबत नाहीत. तुळई आणि खांबाला लोखंडी पट्टी लावून नटबोल्ट आवळतात.