बंद-चालूचा धसका

"सारखा बंद-चालू करू नकोस, सुरू होताना फार वीज खातो!" कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळालेला असतो. आधी त्याचा हिशेब मिटवू. बटण दाबताच एसएमपीएसमधला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातला, मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरू लागतो आणि प्रवाह क्षणभर उसळतो, हे खरं. पण त्या कपॅसिटरमध्ये मावतात जेमतेम वीस-पंचवीस जूल ऊर्जा. काही काम न करता नुसता चालू असलेला ५० वॉटचा डेस्कटॉप तेवढे अर्ध्या सेकंदात उडवतो. पुढे स्क्रीन समोर येईपर्यंत मिनिटभर १०० वॉट धरले, तरी झाले ६,००० जूल, म्हणजे त्याच डेस्कटॉपचा दोन मिनिटांचा खर्च. उलट आठ तासांची रात्र खाते ०.४ युनिट, म्हणजे चौदा लाखांहून जास्त जूल.

दुसरी भीती इतकी पोकळ नाही: बंद-चालू केल्याने यंत्र झिजतं. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिआक या अवाढव्य कॉम्प्युटरमध्ये काचेच्या सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्या बहुतांशी तापताना किंवा निवताना जायच्या. म्हणून पुढे ते यंत्र वर्षानुवर्षं चालूच ठेवलं गेलं. ट्यूब इतिहासजमा झाल्या, तापणं-निवणं मात्र राहिलं.

आता माझा आवडता भाग. तापल्यावर सगळे पदार्थ फुगतात, पण सारखे नाही. सिरॅमिकचा एखादा सुटा भाग सर्किट बोर्डाच्या निम्म्याहूनही कमी फुगतो. तो भाग २० मिलिमीटर रुंद असेल आणि तापमान ४० अंशांनी चढलं, तर त्याच्या कडेशी दोघांत साधारण ४ मायक्रॉनची तफावत पडते. केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा! पण ती सोसायची कोणी? अर्ध्या मिलिमीटरच्या सोल्डरच्या, म्हणजे तो भाग बोर्डाला जोडणाऱ्या धातूच्या, थेंबाने. तो जवळजवळ एक टक्का तिरका होतो आणि निवताना परत येतो.

त्यातून सोल्डर हा विलक्षण हळवा धातू. शिसं नसलेलं सोल्डर वितळतं २२० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ४९० केल्विनला. आपलं नेहमीचं तापमान ३०० केल्विन, म्हणजे वितळणबिंदूच्या साठ टक्के. लोखंडाला हीच पायरी गाठायची तर ते ८०० अंशांपर्यंत लाल तापवावं लागेल. थोडक्यात, टेबलावर गार पडलेलं सोल्डर स्वतःच्या दृष्टीने लालबुंदच असतं. ताण आला की ते हळूहळू सरकतं, आतले कण मोठे होतात, कडेला तडा जातो. दुरुस्तीवाले ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात, त्यामागे कित्येकदा हाच तडा असतो.

इथे धातू किती फेऱ्यांत थकून तुटतो हे सांगणारा कॉफिन-मॅन्सनचा नियम मदतीला येतो. एकदा तापून निवणं म्हणजे एक फेरी. प्रत्येक फेरीतली ओढाताण निम्मी झाली, तर सांधा ढोबळमानाने चौपट फेऱ्या टिकतो. मग रात्रीचं बंद करणं म्हणजे काय? दिवसाला एक फेरी, दहा वर्षांत साडेतीन हजार. आणि यंत्र चालू ठेवून फेऱ्या थांबतात असंही नाही. एखादा जड गेम उघडा आणि मिटा, प्रोसेसर ४० अंशांवरून ८० वर जाऊन परत येतो. तिकडे पंख्याची बेअरिंग आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर चालू तासांनी झिजतातच. कपॅसिटरचं आयुष्य तर तापमान वाढेल तसं दर १० अंशांना निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

"यंत्रालाही विश्रांती हवी" हे मात्र निव्वळ लाडाचं बोलणं. चिप दमत नाही. रेंगाळते ती एखाद्या प्रोग्रॅमने मेमरी अडवून ठेवल्यामुळे, आणि त्याला रीस्टार्ट पुरतो. मेमरी मोकळी करून देतो म्हणणारी 'रॅम बूस्टर' नावाची जादूची कांडी लागत नाही.

रात्रीपुरता मी स्लीपच निवडतो. त्यात रॅमला तेवढी वीज मिळत राहते, खर्च दोन-तीन वॉटच्या घरात. दोन-चार दिवस हात लागणार नसेल तर शट डाउन. पण एक गंमत ध्यानात असू द्या. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कोरी सुरुवात हवी असेल तर दाबायचं रीस्टार्ट.