चोरीनंतर हातात काय मिळालं: पोच, एनसी की एफआयआर?

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यातून मोटारीची केबल कापून नेली, की शेतकरी ठाण्यात अर्ज देतो, पोच घेतो आणि गुन्हा दाखल झाला असं समजून घरी येतो. पोच म्हणजे फक्त अर्ज मिळाल्याची खूण. तपास सुरू होतो तो एफआयआरवर, म्हणजे प्रथम खबर अहवालावर.

गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर होतो. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे ठाण्यात फक्त अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत एक मेख आहे: पाच हजार रुपयांच्या आतली चोरी सहसा अदखलपात्र धरली जाते. म्हणून केबलचं बिल जपून ठेवा, किंमत अंदाजे सांगू नका. आणि मोबाइल चोरीला गेला असेल तर ‘गहाळ’ असं लिहू देऊ नका. त्या एका शब्दाने चोरीचा गुन्हाच उरत नाही.

फिर्याद कुणीही देऊ शकतं, तोंडीसुद्धा. ‘मनी गाडी चोरी गयी’ असं अहिराणीत सांगितलं तरी लिहून घेणं पोलिसांचं काम. लिहिलेलं वाचून घ्या, मगच सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. कागदपत्रांवाचून फिर्याद अडत नाही. पण गाडीचं आरसी बुक, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, मळ्याचा सातबारा जवळ असला की पुढचे हेलपाटे वाचतात.

नंदुरबारचा माणूस सुरतेत लुटला गेला, तर गावी परतूनही फिर्याद देता येते. हा झिरो एफआयआर. तो पुढे सुरतेच्या ठाण्याकडे जातो. ऑनलाइन खबर दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर तीच हकिगत लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. रजिस्टर केलेलं बरं, पावती हाती राहते. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा.

इथे वकील असलेला बरा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्यात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज चालतो, किंवा विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.