सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवायचा असेल तर : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

भोसरी, तळवडे, चाकण भागातल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांचा सर्व्हर आजही ऑफिसच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये चालतो. एक एसी, खाली यूपीएस, पावसाळ्यात भिंतीला ओल. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते तेव्हा कारखान्याला सुट्टी असते, सर्व्हरला नसते. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडची डेपोची माणसं त्याच वेळी त्यावर बिलं काढत असतात. यूपीएस तासाभरात मान टाकतो आणि आम्हाला फोन येतो.

यावरचा एक मार्ग म्हणजे कोलोकेशन. मशीन तुमचंच, डेटा तुमचाच. जागा, वीज, थंडावा आणि इंटरनेट मात्र डेटा सेंटरकडून, म्हणजे अनेकांचे सर्व्हर ठेवण्यासाठीच बांधलेल्या इमारतीकडून, भाड्याने घ्यायचं. ‘कुठलं सेंटर चांगलं?’ असं आम्हाला हल्ली वारंवार विचारलं जातं. आम्ही कोणत्याही सेंटरकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

वीज : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बहुतेक कोटेशनवर ‘टियर ३’ असं छापलेलं दिसेल. हे वर्गीकरण अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेचं आहे. त्याचा अर्थ असा की वीज किंवा कूलिंगच्या साखळीतली कुठलीही एक गोष्ट दुरुस्तीसाठी बंद केली, तरी तुमचा सर्व्हर चालू राहिला पाहिजे. पण आराखड्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि बांधून झालेल्या इमारतीचं वेगळं. ‘टियर ३ दर्जाचं’ असं तर कोणीही लिहू शकतो. प्रमाणपत्र कशाचं आहे ते विचारा आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत इमारतीचं नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

चांगल्या सेंटरमध्ये रॅकला, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटाला, दोन स्वतंत्र वाटांनी वीज येते, ए आणि बी. इथे हिशोबात एक चूक हमखास होते. १६ अँपियरच्या दोन लाइन मिळाल्या म्हणजे ३२ अँपियर वापरायला मिळाले, असं नाही. एक लाइन गेली की सगळा भार दुसरीवर येतो. म्हणून तुमच्या सगळ्या मशीनचा मिळून भार एकाच लाइनमध्ये, थोडी मोकळीक ठेवून, बसला पाहिजे. १६ अँपियरच्या लाइनवर आम्ही १२-१३ च्या पुढे जात नाही.

दुसरी चूक आमच्याकडून झालेली आहे. एका ग्राहकाच्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते. बसवताना आमच्या माणसाने दोन्ही केबल एकाच लाइनच्या पट्टीत लावल्या. आठ महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सेंटरने आगाऊ कळवून ए बाजूच्या यूपीएसचं काम काढलं. शेजारचे सगळे सर्व्हर चालू राहिले, आमचा बंद पडला. त्या ग्राहकाची महिनाअखेरीची बिलं अडकली. तेव्हापासून मशीन बसवून झालं की आम्ही ए बंद करून बघतो, मग बी. तुमचा सर्व्हर लावू त्या दिवशी तुम्हीही समोर उभे राहा.

आता जनरेटर. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि काही भागांत ती परत यायला कित्येक तास लागले. अशा वेळी बॅटरी फक्त जनरेटरने भार उचलेपर्यंतची काही मिनिटं सांभाळते. पुढचं सगळं डिझेलवर. टाकीतलं डिझेल पूर्ण भारावर किती तास पुरेल, ते विचारा. रस्ते पाण्याखाली असताना टँकर कुठून येणार, तेही विचारा. शिवाय जनरेटरची शेवटची चाचणी प्रत्यक्ष भार देऊन कधी घेतली, त्याची नोंदवही बघायला मागा. रिकामा जनरेटर दहा मिनिटं फिरवून बंद करणं याला आम्ही चाचणी मानत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या कुठल्या वर्षीच्या आहेत तेही बघा. लेड-अॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, आणि खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली हीच गोष्ट पुढे ढकलली जाते.

जागा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. त्यामुळे सेंटर बघायला गेलात की सर्व्हरच्या चकचकीत हॉलआधी तळघर दाखवायला सांगा. वीज पॅनेल, डिझेलचा पंप किंवा बॅटऱ्या तिथे असतील, तर वरचा मजला कितीही कोरडा राहिला तरी उपयोग नाही.

नवी मुंबई की पुणे, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्यामुळे ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात सेंटरही भरपूर आहेत आणि टेलिकॉम कंपन्यांचे पर्यायही. पुण्याहून तिथे पोहोचायला सिग्नलला काही मिलिसेकंद लागतात. ईआरपी, म्हणजे बिलं-हिशोबाचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. माणसाला मात्र एक्स्प्रेसवेवर अडीच-तीन तास लागतात, घाट तुंबला तर विचारूच नका. डिस्क बदलायला तुमच्या वतीने सेंटरचा माणूस हात लावणार असेल, तर रात्रीचा आणि रविवारचा दर आधीच लिहून घ्या. आमचं मत विचाराल तर, एक-दोन सर्व्हर असलेल्या कारखान्याने मशीन पुण्यात ठेवावं आणि बॅकअप दुसऱ्या शहरात. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

लाइन आणि बिल

दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या लाइन घेतल्या तरी दोन्ही फायबर एकाच चरातून इमारतीत येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. आपल्याकडे रस्ते किती वेळा खणले जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन वेगळ्या बाजूंनी प्रवेश आहे का, ते गेटवर उभं राहून दाखवायला सांगा.

काही सेंटर इंटरनेटचं बिल ‘९५ पर्सेंटाइल’ने लावतात. दर पाच मिनिटांनी वेग मोजायचा, महिन्याच्या नोंदींतल्या सर्वांत वरच्या पाच टक्के सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल करायचं. तीस दिवसांत हे सोडलेले पाच टक्के म्हणजे ३६ तास. रोज रात्री एक तास चालणारा बॅकअप त्यात सहज बसतो, दोन तास चालणारा बसत नाही.

‘९९.९ टक्के’ हमी म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त बंद राहिलं तर मिळणारी भरपाई बहुतेक करारांत भाड्याच्या काही टक्क्यांपुरती असते. तुमच्या बुडालेल्या धंद्याची नव्हे.

कागदपत्रं

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेंटरला ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षं जपावी लागते. म्हणून केवायसी मागितली तर वैतागू नका. न मागणाऱ्या सेंटरपासून जपून राहा. त्याच निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. तुमच्या सर्व्हरचे लॉग सेंटर ठेवत नाही, ते काम तुमचं किंवा आमचं.

शेवटचं, पण सहीआधीचं : बाहेर पडण्याचं कलम. नोटीस किती दिवसांची, मशीन बाहेर काढायला गेट पास किती दिवसांत मिळणार, आणि एखाद्या बिलावर वाद असेल तर मशीन अडवून ठेवता येईल का, हे करारात स्पष्ट शब्दांत हवं. विजेचा दर वाढला तर तुमचा दर कोणत्या हिशोबाने वाढेल, तेही. कराराचा मसुदा सही करण्याआधी आमच्याकडे पाठवा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असलेल्या ग्राहकांना तो आम्ही विनाशुल्क वाचून देतो, आणि सेंटर बघायला तुमच्यासोबत येतो.