आधी ‘वाचतील का?’, मग ‘चालतील का?’

बायपास ठरली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘धोका किती?’ याचं उत्तर आज टक्क्यांत मिळतं. दुसरा प्रश्न जरा चाचरत येतो: ‘नंतर स्वतःचं स्वतः करतील ना?’ त्यावर बहुतेकदा ‘वय बघता बरंच होईल’ असं काहीतरी मोघम ऐकायला मिळतं. डॉक्टर टाळतात असं नाही. मोजायला सुरुवातच पहिल्या प्रश्नापासून झाली.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या) आधारे एका तरुणीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास केली. त्या काळी रुग्ण टेबलावरून जिवंत परतला, यातच सगळं आलं.

मोजणीला जोर आला १९८०च्या दशकात, आणि त्यामागे शास्त्राइतकाच हिशेब होता. १९८६ मध्ये अमेरिकी सरकारने मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, रुग्णांचे रुग्णालयवार मृत्यूचे आकडे जाहीर केले. सर्जन चिडले, आणि त्यांचं म्हणणं रास्तच होतं: जो अवघड रुग्ण हाती घेईल त्याचेच आकडे वाईट दिसणार. मग रुग्ण मुळात किती अवघड होता याला गुण देण्याची पद्धत आली. १९८९ मध्ये व्हिक्टर पार्सोनेट यांचा स्कोअर आला, १९९९ मध्ये आठ युरोपीय देशांतल्या सुमारे १९ हजार रुग्णांवर बेतलेला युरोस्कोअर. त्यात साठीनंतर दर पाच वर्षांना एक गुण. म्हणजे रोज टेकडी चढणारे सत्तरीचे आजोबा आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकणारे आजोबा, वयापुरते तरी सारखेच.

हालचालीची दखल कुणीच घेतली नव्हती असं नाही. १९८९ मध्येच ड्यूक विद्यापीठात बारा प्रश्नांची यादी तयार झाली: जिना चढता का, घरकाम जमतं का, वगैरे. त्यात गोल्फ आणि डबल्स टेनिसही आहे! आपल्याकडच्या रुग्णाला विचारायचं ते मांडी घालून बसून उठता येतं का.

पाच मीटर चालण्याला मात्र भाषांतर लागत नाही. २०१० मध्ये जोनाथन अफिलालो आणि सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या १३१ रुग्णांना हृदयशस्त्रक्रियेआधी चालायला लावलं. फरशीवर दोन खुणा, हातात स्टॉपवॉच. नेहमीच्या चालीने चला, काठी लागत असेल तर घ्या. पहिलं पाऊल सुरुवातीच्या रेषेपलीकडे पडलं की घड्याळ सुरू, पाच मीटरची रेषा ओलांडली की बंद. तीनदा चालवून सरासरी काढायची. सहा किंवा अधिक सेकंद घेणाऱ्यांमध्ये मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं, आणि डिस्चार्जनंतर थेट घरी न जाता दुसऱ्या संस्थेत जावं लागण्याची शक्यताही जास्त. अभ्यास छोटा होता, पण चालीत पायांची ताकद, तोल, फुप्फुसं, मेंदू असं सगळं एकदम दिसतं. एकेका तपासणीच्या रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. २०११ मध्ये सुधारित युरोस्कोअर जाहीर झाला, त्यात हालचालीचा रकाना आहे, पण तो ‘तीव्र अडचण आहे की नाही’ एवढ्यापुरता.

तरीही हे सगळं मुख्यतः जीव आणि गुंतागुंतीबद्दलच. दुसऱ्या प्रश्नाच्या जवळ नेणारी एक पद्धत २०१७ मध्ये आली, एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त जाण्याच्या वाटेवरची झडप) बदलून घेणाऱ्या वृद्धांसाठी. त्यात चारच गोष्टी पाहतात: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणं, स्मरण-आकलन, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (पोषणाचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन). वर्षभरात कुणाचा मृत्यू होईल याबरोबरच कुणाला परावलंबित्व येईल, हेही त्यातून बऱ्यापैकी कळलं. यातला रक्तक्षय, कुपोषण आणि पायांतली अशक्तता यांवर काही आठवड्यांत थोडाफार तरी इलाज करता येतो. म्हणून जिथे ऑपरेशनची घाई नाही, तिथे आधी आहार आणि व्यायाम सुरू करून मग तारीख द्यावी का, हे सध्या तपासलं जात आहे.