धावणे थांबलेल्या उन्हाळ्यासाठी: वाचन आणि व्यायाम

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या धावकांसाठी माहितीपत्रक

एप्रिल उजाडला की आमच्या साताऱ्यातील केंद्रात लंगडत येणाऱ्या धावकांची संख्या वाढू लागते. परीक्षा संपलेल्या असतात, सुट्टी लागलेली असते, पावसाळ्याच्या अखेरीस होणारी हिल हाफ मॅरेथॉन डोळ्यांसमोर असते, आणि हिवाळाभर आठवड्याला पंधरा किलोमीटर धावणाऱ्याला एकाएकी तीस-पस्तीस किलोमीटर धावावेसे वाटते. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, त्यामुळे माणूस आपोआप जपून धावतो. उतरताना मात्र दम लागत नाही, वेग वाढत जातो, आणि प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला सगळ्या शरीराचे वजन आवरून धरावे लागते. गुडघ्याची वाटी, नडगी आणि टाच यांवरचा हा भार त्याच दिवशी जाणवत नाही. दोन-तीन आठवडे तसेच गेल्यावर एका सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना तो जाणवतो.

अशा वेळी आम्ही “धावणे बंद ठेवा” असे सांगतो आणि ऐकणाऱ्याला बहुधा “हालचाल बंद ठेवा” असे ऐकू येते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक भेग पडली होती. पहिले दहा दिवस मी आरामखुर्चीत पाय दुमडून सलग चार-पाच तास वाचत बसत असे. पुस्तके उत्तम होती, परंतु दहाव्या दिवसापर्यंत कंबर धरली होती, रात्रीची झोप तुटू लागली होती आणि ज्याला काहीही झालेले नव्हते तो डावा पायसुद्धा जिना चढताना लवकर थकू लागला होता. त्यानंतर वाचन आणि व्यायाम एकमेकांत गुंफण्याचा जो क्रम मी स्वतःसाठी लावून घेतला, तोच थोडाफार बदलून आम्ही आता येथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि या पत्रकात लिहून देत आहोत.

आधी दुखणे ओळखावे

या पत्रकातील कोणतीही गोष्ट सुरू करण्यापूर्वी दुखणे हाडाचे आहे की स्नायू, सांधा किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) यांचे आहे, एवढे तपासणीतून निश्चित झालेले असावे. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि थोडे चालल्यावर ते कमी होत असेल, तर बहुतेक वेळा हाडाच्या आवरणावर आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंवर आलेला ताण हे त्याचे कारण असते. तेच दुखणे एका बोटाने नेमके दाखवता येत असेल, चालतानाही वाढत असेल किंवा रात्री अंथरुणावर ठसठसत असेल, तर हाडाला भेग पडल्याची शंका घ्यावी लागते. अशा भेगेचा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे अगदी स्वच्छ दिसू शकतो. “एक्स-रेमध्ये काही नाही” म्हणून धावणे सुरू ठेवलेले धावक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे सहा आठवड्यांचे दुखणे त्यामुळे अनेक महिन्यांवर गेले. शंका असेल तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने एमआरआय करून घ्यावा.

दोन लक्षणांसाठी आमच्याकडे येण्याचीही वाट पाहू नये. पाय टेकताना जांघेत खोल दुखत असेल, तर त्या पायावर भार देणे थांबवून हाडांच्या डॉक्टरांना गाठावे, कारण मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची भेग सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तसेच एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर रक्ताची गुठळी नाही याची खात्री त्याच दिवशी करून घ्यावी.

वाचायला कसे बसावे

“वाचायला कसे बसू?” हा प्रश्न आम्हाला फार कमी लोक विचारतात. आमच्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा, कारण धावणे बंद झाल्यावर दिवसातील सर्वांत जास्त वेळ बसण्यातच जातो.

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्यांना गुडघे दुमडून फार वेळ बसले की त्रास होतो. चित्रपटगृहात किंवा एसटीत दोन तास बसून उठताना गुडघा आखडतो, तो याच कारणाने. मांडी घालून, उकिडवे बसून किंवा पाय खुर्चीखाली ओढून वाचणे या मंडळींनी काही आठवडे टाळावे आणि समोरच्या स्टुलावर पाय जवळजवळ सरळ ठेवावा. टाचेखालच्या पट्ट्याच्या दुखण्यात सकाळचे पहिले पाऊल सर्वांत वाईट असते, आणि बराच वेळ बसून उठल्यावरचे पाऊलही काहीसे तसेच असते. म्हणून पुस्तक मिटल्यावर लगेच उभे राहू नये. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने ओढून दहा सेकंद धरावीत, असे दहा वेळा करावे आणि मगच उठावे. घोटा सुजलेला असेल, तर आडवे पडून पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवून वाचावे.

सर्वांनाच सांगण्याजोगी गोष्ट मानेची आहे. पुस्तक मांडीवर ठेवून मान वाकवण्यापेक्षा मांडीवर उशी आणि उशीवर पुस्तक ठेवावे. दिवसातून एकदा पाच-सात मिनिटे पालथे पडूनही वाचावे. बसून बसून आखडलेला जांघेचा पुढचा भाग त्या स्थितीत सैल होतो. कंबर दुखत असेल त्यांनी मात्र हे करू नये.

एक प्रकरण, एक फेरी

रोज धावण्यासाठी राखलेला तास तसाच राखून ठेवावा, ही आमची सर्वांत आग्रहाची विनंती आहे. सकाळी साडेपाचला उठणाऱ्याने साडेपाचलाच उठावे. त्या तासात आधी व्यायाम आणि मग वाचन करावे. दिवसाच्या उरलेल्या वेळात मनाला येईल तेवढे वाचावे, परंतु एक प्रकरण संपले किंवा अर्धा तास झाला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा उठून व्यायामाची एक लहान फेरी करावी.

ही फेरी दुखण्याप्रमाणे ठरते. गुडघ्यासाठी पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मांडी आवळून ती दहा सेकंद दाबावी, असे दहा वेळा करावे. त्यानंतर कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा एकत्र ठेवत वरचा गुडघा पंधरा वेळा उघडावा. धावताना गुडघा आत कलू नये म्हणून जे कुल्ल्याचे स्नायू काम करतात, ते याने बळकट होतात. टाचेमागच्या शिरेचे, म्हणजे अकिलिस टेंडन या कंडरेचे दुखणे असेल, तर पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही टाचा उचलाव्यात आणि दुखऱ्या पायावर सावकाश खाली याव्यात. पंधरा वेळांच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे असा हा जुना आणि भरवशाचा क्रम आहे. बारा आठवडे ऐकून पुष्कळ जण निराश होतात. पण कंडरेला होणारा रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी असतो आणि तिला सुधारण्यास तेवढा वेळ द्यावाच लागतो. शिरेचे दुखणे थेट टाचेच्या हाडावर असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये.

व्यायाम करताना होणारी वेदना शून्य ते दहा या मापाने मोजावी. स्नायू आणि कंडरेच्या दुखण्यात तीनपर्यंतची वेदना चालते, मात्र दुसऱ्या सकाळी ती वाढलेली नसावी. हाडाच्या भेगेत एवढीही वेदना चालत नाही.

दम टिकवण्यासाठी

धावकाला सर्वाधिक भीती असते ती कमावलेला दम जाण्याची. पहिल्या दहा-बारा दिवसांत त्यात फारसा फरक पडत नाही. त्यानंतर घट जाणवू लागते, पण पाणी आणि सायकल यांच्या साहाय्याने ती पुष्कळ रोखता येते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे निम्मेच वजन येते आणि गळ्याइतक्या पाण्यात ते दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. पोहता येणाऱ्यांनी जलतरण तलावाच्या खोल भागात, कमरेला तरंगणारा पट्टा बांधून, तळाला पाय न टेकवता धावल्यासारखे हातपाय चालवावेत. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीवरच्यापेक्षा मिनिटाला दहा-पंधरा कमी पडतात. म्हणून घड्याळातील आकड्याकडे पाहून जोर वाढवू नये, श्वास किती लागतो यावर विश्वास ठेवावा. हाडाला भेग असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वीही आम्हाला विचारावे.

घरात उभी असलेली व्यायामाची सायकल उन्हाळ्यात फार उपयोगी पडते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतके सीट उंच असावे. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर नको तो दाब येतो. सायकलवर हातात पुस्तक धरून वाचता येत नाही, येथे श्राव्य पुस्तक ऐकावे. मराठीत आता कथा, कादंबऱ्या आणि चरित्रे उत्तम आवाजांत उपलब्ध आहेत, आणि चाळीस मिनिटे भिंतीकडे पाहत पेडल मारण्याचा कंटाळा त्यांच्यामुळे खरोखर जातो. एखादी कादंबरी केवळ सायकलवरच ऐकायची असे ठरवून पाहावे. पुढे काय होते या ओढीने माणूस दुसऱ्या दिवशी सायकलवर बसतो.

एप्रिल-मे महिन्यांत हा सारा व्यायाम सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर करावा. ताक, कोकम सरबत आणि पन्हे घरात असतेच, ते पीत राहावे. धावणे बंद आहे म्हणून जेवण तोडू नये, कारण हाड आणि कंडरा भरून येण्यासाठी अन्न लागते. नाचणीची भाकरी आणि तीळ यांतून कॅल्शियम चांगले मिळते. ज्या मुलींची आणि स्त्रियांची पाळी सराव वाढल्यापासून अनियमित झाली असेल, त्यांनी ते आम्हाला न संकोचता सांगावे. सरावाच्या मानाने अन्न कमी पडले की पाळी बिघडते आणि हाडेही ठिसूळ होऊ लागतात, त्यामुळे हाडाच्या भेगेच्या उपचारात ही माहिती अत्यंत महत्त्वाची असते.

काय वाचावे

पहिल्या दोन आठवड्यांत धावपटूंची आत्मचरित्रे वाचू नयेत, असे आमचे मत आहे. ती वाचून पाय शिवशिवतात आणि माणूस चवथ्या दिवशी “थोडेसे धावून पाहतो”. त्या काळात जाडजूड कादंबरी, प्रवासवर्णन किंवा इतिहास हातात घ्यावा. दिवाळीत हौसेने घेतलेले आणि अर्धवट राहिलेले दिवाळी अंक तर उन्हाळ्यासाठीच राखून ठेवल्यासारखे असतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेतील कथा आणि लेख एका बैठकीत संपण्याइतके असल्यामुळे आमच्या अर्ध्या तासाच्या नियमात नेमके बसतात. घरात सुट्टीसाठी आलेली मुले असतील, तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

खेळाडूंची चरित्रे तिसऱ्या आठवड्यानंतर अवश्य वाचावीत. थांबावे लागणे हा मोठ्या धावपटूंच्याही आयुष्याचा भाग असतो. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडल्याने त्यांच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. आमच्याकडे येणारे तरुण दुखापतीला स्वतःचा कमीपणा समजू लागतात, तेव्हा आम्ही त्यांना हे सांगतो.

चालताना अजिबात दुखत नाही, अशी वेळ आली की एक दिवस भिलारला जावे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यानचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले, आणि तेथील अनेक घरांत विषयवार मांडलेली मराठी पुस्तके कोणालाही बसून वाचता येतात. एका घरातून दुसऱ्या घरात पायी जावे लागते. थोडे चालणे, बसून वाचणे आणि पुन्हा थोडे चालणे असा जो क्रम आम्ही कागदावर लिहून देतो, तो तेथे आपोआप घडतो, आणि पाचगणीच्या पठारावर साताऱ्यापेक्षा हवाही थंड असते. गावातील चढउतार लक्षात घेऊन नेहमीचे बूट घालावेत, चपलांवर जाऊ नये.

पुन्हा धावताना

सपाट रस्त्यावर तीस मिनिटे भरभर चालल्यावर त्या वेळी आणि दुसऱ्या सकाळीही दुखले नाही, म्हणजे धावण्याचा विचार करता येतो. एक मिनिट धावणे आणि एक मिनिट चालणे अशा दहा आवर्तनांनी, एक दिवसाआड सुरुवात करावी. आधी मिनिटे वाढवावीत, नंतर वेग वाढवावा, आणि घाटाचा उतार सर्वांत शेवटी घ्यावा. घाट चढून वाहनाने खाली येणे काही आठवडे चालू ठेवले तरी शर्यतीच्या तयारीत काहीच कमी पडत नाही.

तपासणीला येताना सध्याचे धावण्याचे बूट बरोबर आणावेत, कारण झिजलेल्या तळव्यावरून पाऊल कसे पडते याचा काहीसा अंदाज येतो. गेल्या दोन महिन्यांत आठवड्याला किती किलोमीटर धावणे झाले, तेही लिहून आणावे. प्रतीक्षागृहातील कपाटात येथे येऊन गेलेल्यांनी ठेवलेली पुस्तके आहेत. त्यांतील कोणतेही घरी न्यावे, वहीत नाव लिहावे आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी परत आणावे.