आपली टर्न येण्याआधी

मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळचे सात. प्रतापनगरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये कूलर फुल स्पीडवर घरघरतोय. प्रत्येकाच्या पात्राची माहिती लिहिलेले कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर फाशांची पिशवी ठेवलेली. आणि आम्ही चौघं एका पडक्या गोंडकालीन किल्ल्याच्या कमानीपुढे उभे. पाचवा आमचा गेम मास्टर. तो किल्ला शब्दांनी उभा करतो, आम्ही त्यात आपापलं पात्र घेऊन शिरतो आणि काही अवघड करायचं ठरवलं की निकाल फाशावर. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. टेबलाभोवती बसून खेळायच्या या रोलप्लेइंग खेळांचा विस्तार त्यातून झाला.

त्या संध्याकाळी चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण म्हणाली, “कमानीखाली सुतळी ताणलेली दिसतेय. मी तिला हात लावत नाही, खाली वाकून बघते.” तिच्यानंतर माझी टर्न होती. मी सरदार खेळत होतो आणि किल्ल्यातल्या शत्रूला द्यायचं आव्हान मनात जुळवत होतो. टर्न आली तसं म्हणालो, “मी तलवार उपसून कमानीतून आत धावतो!”

“अबे, ऐकूनच नाही राहिला का तू? मी आत्ता काय सांगितलं?”

ती सुतळी सापळ्याची होती. दगड कोसळले. माझा सरदार वाचला, खाली वाकलेला चोर दबला. ते पात्र तिनं सात महिने जपलं होतं. तिनं शीट घडी करून वहीत ठेवली, ते मला अजून दिसतं.

मी बेफिकीर होतो का? त्या वेळी मला वाटत होतं की मी अगदी मन लावून खेळतोय. पुढे काही वाचनात आलं आणि नेमकं काय घडलं असावं ते उमगलं. 1973 मध्ये माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोक टेबलाभोवती बसले, प्रत्येकानं आपली वेळ आली की एक शब्द मोठ्यानं वाचायचा. नंतर विचारलं, कुठले शब्द आठवतात? स्वतः वाचलेला शब्द छान आठवत होता. इतरांचेही बरे आठवत होते. पण आपली वेळ येण्याच्या जरा आधी शेजाऱ्यांनी वाचलेले शब्द सर्वांत जास्त पुसले गेले होते. पुढच्या संशोधनातून असं दिसलं की हे शब्द मनात साठून मग हरवत नाहीत; मुळात त्यांची नीट नोंदच होत नाही. मात्र आधीच बजावून ठेवलं, की तुमच्या अगोदरचं लक्षपूर्वक ऐका, तर हा खड्डा भरून निघतो.

आमच्या खेळात लढाई सुरू झाली की टर्नचा क्रम ठरतो. म्हणजे कोणाच्या मागे कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रेनरचं टेबलच ते! आणि ज्याचं ऐकणं सगळ्यात गरजेचं, तोच आपल्या आधी बोलत असतो, कारण त्यानं आत्ताच जग बदललेलं असतं.

मेंदू असं का करतो? दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 मध्ये आला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी फक्त 200 मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. पण चित्र पाहून एका वस्तूचं नाव उच्चारायलाही मेंदूला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. हिशेब जुळतो तो एकाच रीतीनं: समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू करतो. 2015 मध्ये मेंदूलहरी मोजून केलेल्या एका प्रयोगात हे दिसलंही. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत, उत्तर सुचण्याइतकी माहिती मिळाल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात तयारी चालू होते, आणि तेव्हा लक्षही ऐकण्याकडून बोलण्याकडे सरकत असावं. रोजच्या गप्पांत ही सोय फार कामाची आहे, तिच्यामुळेच गप्पा रंगतात. टेबलावर मात्र एकेक टर्न दोन-दोन मिनिटं चालते आणि आपण पहिल्याच वाक्यानंतर आतल्या आत बोलू लागलेलो असतो.

चार तासांच्या सेशनचं गणित मांडून पाहा. निम्मा वेळ गेम मास्टरचा धरला, तर चौघांच्या वाट्याला प्रत्येकी अर्धा तास. उरलेले साडेतीन तास खेळाडू काय करतो? नियम तोंडपाठ असणारे, आवाज बदलून झकास अभिनय करणारे खेळाडू मी पाहिलेत आणि मला ते आवडतात. पण कुणासोबत पुन्हा खेळावंसं वाटतं, ते ठरतं त्या साडेतीन तासांवर.

गटाच्या बुद्धीबद्दल 2010 मध्ये अनिता वूली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला होता. 699 माणसं, दोन ते पाच जणांचे गट, वेगवेगळी कोडी आणि कामं. गटातल्या सर्वांत हुशार माणसाची बुद्धी पाहून गटाच्या कामगिरीचा फारसा अंदाज येत नव्हता. इतरांच्या मनातलं ओळखणारे लोक ज्या गटांत होते आणि जिथे बोलणं एक-दोघांनी बळकावलेलं नव्हतं, ते गट सरस ठरले. त्या आकडेवारीवर नंतर वाद झाले, तेव्हा तो शेवटचा शब्द मानू नये. पण आमच्या टेबलावर मी जे पाहतो, ते याच दिशेचं आहे.

फाशांचं गणितही इथे मदतीला येतं. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता 5 टक्के. 11 किंवा जास्त हवे असतील तर 50 टक्के. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या नियमांनुसार आपली टर्न खर्चून सोबत्याला मदत करता येते; मग तो दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो आणि 50 चे 75 टक्के होतात. त्याला 20 च हवे असतील तर मात्र 5 चे फक्त पावणेदहा. म्हणजे सोबत्याचं काम पन्नास-पन्नास अडलेलं असतं तेव्हा मदत सर्वाधिक फळते. आणि ते कुठे अडलंय हे कळायला पुन्हा ऐकावंच लागतं.

“माझं कॅरेक्टर असंच वागेल” या वाक्याबद्दलही बोललं पाहिजे. सोबत्याची वस्तू चोरली, कुणाचा बेत उधळला, की हे वाक्य पुढे येतं. ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची खोटी मारामारी पाहिली आणि 1955 मध्ये त्यावर लिहिलं: चावा लटका असतो, आणि ‘हा खेळ आहे’ असा निरोप ती सतत एकमेकांना देत राहतात. तो निरोप असेल तरच लटका चावा लटका राहतो. आपण लहानपणी राज्य आलेलं असतानाही “टॅम्प्लीज!” ओरडायचो आणि सगळा खेळ जागीच थांबायचा. खेळातून क्षणभर बाहेर येऊन समोरच्याला सांभाळायची ती सोय पोरांना कुणी शिकवली नव्हती. मोठ्यांच्या टेबलावर तीच सोय हवी. पात्र तुम्ही रचलंय, त्याचा स्वभाव तुम्ही निवडलाय, म्हणून चोरी करण्याआधी पात्र बाजूला ठेवून एवढंच विचारायचं: “मी असं केलं तर चालेल का तुला?” दोन सेकंद लागतात. नाही म्हणाली तर दुसरं काही सुचतंच.

आता मी टेबलावर पेन्सिल ठेवतो. काही सुचलं की एकच शब्द खरडतो, म्हणजे ते डोक्यात धरून बसावं लागत नाही. आणि माझी टर्न सुरू करताना आधीच्या खेळाडूचं म्हणणं एका वाक्यात धरून पुढे जातो. पहिल्या काही शनिवारी ते फार अवघड गेलं. कूलरच्या आवाजात तर दोनदा विचारावं लागायचं.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचं नवं पात्र, एक वैदू, तळघरात शिरलं. ती म्हणाली, “कोनाड्यात दिवा आहे, विझलेला. मी पुढे जाते.” माझ्या कागदावर ‘तलवार’ लिहिलेलं होतं. मी विचारलं, “तो दिवा विझलाय, की कुणी आत्ताच विझवलाय? वात गरम आहे का, बघशील?”

तिनं फासा उचलला. गेम मास्टरनं कूलर बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली.